पाटावरची बॅटरी

तुम्ही गेलात त्या दिवशी संध्याकाळी माणसं नदीवरून परत येऊन अंगणात बसली होती. मी पाना शोधला, बोनट उघडलं आणि बॅटरीची एक वायर सोडवून बाजूला केली. बायकांनी पाहिलं. तुमच्या मावशीनं तोंडाला पदर लावला. "नवरा गेला आन् हे बाई मोटारीत डोकं घालून राह्यली," कुणीतरी म्हटलं, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हटलं.

मी त्यांना काय सांगणार होते? गाडी उभी राहणार असली की एक वायर काढून ठेवावी, नाहीतर हॉर्नच्या जुन्या वायरीतून बॅटरी आपोआप उतरते, हे तुम्हीच मला शिकवलं. तुम्ही उभी करून गेलेली गाडी आता कधी हलेल ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून वायर काढली, बोनट लावलं, हात राखेनं धुतले आणि मग बायकांमध्ये येऊन रडायला बसले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. अंगणात सगळे चांगलंच बोलत होते. मला मात्र तुमचा राग येत होता. अजून येतो. तुम्ही असताना तो नीट काढता आला नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, शेजारच्या खोलीत पोचत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली तेवढीच, पण लिहिताना तरी कुणी मध्ये बोलत नाही. तर ऐका आता.

भरवेलीच्या खाणीतले साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांची जुनी मोटार तुम्ही सवारी भाड्यानं चालवायला घेतलीत. त्यांचे ड्रायव्हर तुम्हीच होतात, तिची एक एक खोड तुम्हाला पाठ होती. आपल्या वस्तीतली पहिली मोटार. म्हातारी माणसं तिला हात लावून बघायला आली. तुमच्या आईनं ओवाळायला ताट काढलं, तर तुम्ही म्हणालात, "माय, दीक्षा घेतल्यावर हे बंद न वं." तिनं ताट खाली ठेवलं, पण तिचं तोंड उतरलं. मला त्या वेळी तुमचा अभिमान वाटला होता. नंतर कळलं की गाडीची पूजा तुम्ही बंद केलीत आणि बॅटरीची सुरू केलीत.

खाणीतल्या कुठल्या तरी ड्रायव्हरनं तुमच्या डोक्यात भरवलं होतं की बॅटरी उघड्या जमिनीवर ठेवली की जमीन करंट ओढून घेते. खरं की खोटं, मला अजून माहीत नाही. पण तुम्ही ते असं धरून बसलात की बॅटरी गाडीतून बाहेर आली की आधी पाट. घरातला जेवायचा पाट तिच्याखाली गेला. आणि ती सारखी बाहेर येत होती, कारण सगळ्या मुलखाचे भोंगे तुमच्या बॅटरीवर बोलत होते.

आपल्या वस्तीत विजेचे खांब उभे आहेत, तारा अजून नाहीत. खेड्यांत तर खांबही नाहीत. लग्न असो, वैशाखी पौर्णिमा असो, विहाराचा कार्यक्रम असो, कुणी ना कुणी सायकल घेऊन दारात. "भाऊ, बॅटरी पाह्यजे होती जी." आणि तुम्ही "ने न." पुढे दुसरा शब्द नाही. कधी कुणाला कुठे नेता विचारलं नाही, कधी आणाल विचारलं नाही. सांगायचात एवढंच, "पाटावर ठेवजो बरं." आणि लोकांनी ते अगदी पाळलं. लामत्याला एका लग्नात मी स्वतः पाहिलं, घरात धड पाट एकच होता. तो बॅटरीला दिला आणि नवरदेवाला घोंगडीची घडी करून बसवला. बॅटरी पाटावर, तिच्या बाजूला खुर्चीवर तुम्ही, दोघेही वरपक्षाकडचे असल्यासारखे.

पाटाची एवढी काळजी! आणि भोंगा मात्र दुपारपासून बॅटरीत दम आहे तोवर बडबडत राहायचा. आवाज चिरका होत होत एकदम गप्प झाला की मग कुणीतरी म्हणायचं, "बॅटरी बसली वाटते." बसलेली बॅटरी सायकलच्या कॅरियरवर बांधून परत यायची, ॲसिड हिंदकळलेलं, टर्मिनलवर पांढरं फूल चढलेलं. मी गरम पाणी करून ते फूल धुवायची, कोरडं पुसून ग्रीस लावायची, बुचं उघडून आत बघायची. प्लेटा उघड्या पडल्या असल्या की पाणी भरायची. विहिरीचं चालत नाही म्हणून पावसाचं पाणी साठवायचं, तेही पत्र्यावरून आलेलं नाही, उघड्यावर धरलेलं. पितळेच्या भांड्यात नाही, तर चिनी मातीच्या बरणीत. माझ्या आईनं दिलेली लोणच्याची बरणी त्यात गेली. लोणचं मी मातीच्या मडक्यात घालायला लागले आणि ते दर वर्षी बुरसायचं. तुम्ही ताटात बघून म्हणायचात, "तुह्या मायच्या हातचं लोणचं अस्सं नाही होत."

माझ्या लुगड्यांचंही सांगते. ॲसिडचा थेंब पडतो तेव्हा दिसत नाही. लुगडं धुतलं, वाळत घातलं, की उन्हात चाळणी दिसते. मी तशी लुगडी नेसून लग्नांना गेले, भोकं निऱ्यांच्या आत लपवून.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझा राग धक्क्याचा आहे.

हँडल मारून गाडी सुरू व्हायची तोवर बरं होतं. मग एकदा हँडल उलटलं, तुमचं मनगट मोडलं, आणि तुम्ही हँडलचं नाव टाकलंत. तेव्हापासून धक्का. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी आपण घर घेतलं ते लोकांना वाटतं हवेसाठी. गाडी पाळीवर उभी करून उतारावर सोडता यावी म्हणून ते घर. पाहुण्यांकडे गेलो तरी तुम्ही आधी चढ शोधायचात, मग पाहुण्यांचं घर. गाडी असून आम्ही जन्मभर अर्धा रस्ता चालत गेलो. आणि जिथे चढ नसे तिथे मी. डाव्या बाजूच्या मडगार्डजवळची जागा माझी. बाकीचे धक्का द्यायला येणारे बदलायचे.

परसवाड्याचा बाजार आठवतो? मैदान सगळं सपाट. सवाऱ्या आत बसलेल्या, कुणी उतरायला तयार नाही. आदल्या दिवशी बॅटरी कुणाच्या तरी बारशाला गेली होती, कुणाच्या ते आता आठवतही नाही. भर बाजारात मी पदर खोचला आणि मागे लागले. बांगड्यांच्या दुकानावरचा एक जण ओरडला, "अरे देखो, इस गाड़ी का बैल तो लुगड़ा पहनता है!" अख्खा बाजार हसला. ते जाऊ द्या, बाजार हसतोच. पण खिडकीतून मान बाहेर काढून तुम्हीही हसलात.

बालाघाट येईपर्यंत मी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंही नाही, कारण मी एरवीही कुठे बोलत होते? घरी आल्यावर भाकरी वाढताना मी म्हटलं, "बॅटरी बदला."

"हौ, बदलतो न. आणखी एक हंगाम निघते हिच्यात."

"हंगाम निघंल, पण लोकाइले देणं बंद करा."

तेव्हा तुम्ही ताट सरकवलंत. रागावून नाही. तुम्हाला काही मोठं सांगायचं असलं की जेवण थांबायचं. म्हणालात, "आयक. माहा बाप पाटलाच्या दारात उभा राहून बोले तं तोंडावर हात ठेवून बोले. लोक म्हणत, याइच्या लोकाइले आवाजच नाही. आता आपल्या लग्नाचा भोंगा चार गावाले आयकू जाते. मी बॅटरी कशी नाही म्हणू, सांग बरं?"

तुमचं खरंच होतं. वैशाखी पौर्णिमेला पोरी विहारात गाणं म्हणायच्या आणि ते नदीपलीकडे ऐकू जायचं, तेव्हा माझ्याही अंगावर काटा यायचा. पण तुमचं खरं असलं की माझं खोटं होत असे, हा कुठला कायदा? त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं की चार गावांना आवाज पोचवणाऱ्या माणसाच्या घरात एक बाई हळू बोलत होती, तिचं तुम्हाला ऐकू आलं नाही. हे वाक्य मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं ते भांडी घासताना, आणि तोवर तुम्ही बाहेर गाडीखाली आडवे झाला होतात.

असं आपलं भांडण वर्षानुवर्षं अर्धं राहिलं. चार्जिंगच्या दुकानवाल्यानं सांगितलं, "प्लेटा गेल्या भाऊ, आता ही चार्ज धरणार नाही." तुम्ही म्हणालात, "पाहू." तुमच्याकडेच गाडी शिकलेल्या तुमच्या धाकट्या भावानं, तुळशीराम भाऊजींनी सांगितलं, "दादा, वहिनीले बरं नाही दिसत हे." तुम्ही म्हणालात, "तिले आदत आहे." मला सवय आहे हे तुम्ही कुणाला विचारलंत?

मग लामत्याला मी पडले.

लग्न आटोपलं होतं. बॅटरी पाटावरून उचलून गाडीत बसवली, अर्थातच बसलेली. चार जण आणि मी. जमीन शेणानं सारवलेली, वरून पाणी सांडलेलं. गाडीनं झटका घेतला, इंजिन लागलं, गाडी पुढे गेली आणि मी तोंडावर पडले. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. त्या वेळी कुणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं.

आणि तुम्ही काय केलंत? लागलेलं इंजिन बंद केलंत. मागून सगळे ओरडले, "भाऊ, बंद नका करू! बंद नका करू!" इतक्या वर्षांत धक्क्यानं लागलेलं इंजिन तुम्ही कधी बंद पडू दिलं नव्हतं. एकदा तर परसवाड्याच्या रस्त्यावर माझी चप्पल मागे राहिली तरी गाडी थांबवली नव्हती. त्या दिवशी चावी फिरवलीत, उतरलात, माझ्यापाशी उकिडवे बसलात आणि मनगटातली काच काढत राहिलात. लामत्याचेच सोमाजी पाणी घेऊन धावत आले. मग गाडीला सगळ्यांना पुन्हा धक्का द्यावा लागला. मला तुम्ही पुढच्या सीटवर बसवलंत. मी पुढून पहिल्यांदा पाहिलं की धक्का लागताना ड्रायव्हरला आरशात काय दिसतं. वाकलेली डोकी दिसतात. तोंडं दिसत नाहीत. त्या दिवशी तुम्हाला मी थोडं माफ केलं. थोडंच.

त्यानंतर तुम्ही म्हणालात, "चाल, गोंदियाले जाऊ."

छोट्या लाइनच्या आगगाडीतून आपण दोघं गेलो, आणि येताना तिघं आलो असं म्हणायला हरकत नाही. नवी बॅटरी तुम्ही मांडीवर घेतलीत, खाली दुपट्याची घडी. दुकानदारानं ॲसिड भरून, पहिलं चार्जिंग करून दिली होती. बाकाखाली ठेवा म्हटलं तर तुम्ही ऐकेनात. समोरच्या म्हातारीनं विचारलं, "क्या है बेटा, इतना सँभाल के?" तर तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "इनकी है." मी खिडकीबाहेर बघायला लागले. भात कापून झालेली बांध्यांची जमीन जात होती. मला हसू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

मग तुम्ही हळूच म्हणालात, तुमच्या मानानं अगदीच हळू, "हे आता गाडीतून बाहेर निघणार नाही. कोणाले देणार नाही."

मी म्हटलं, "पाहू."

तुमचाच शब्द. तुम्ही हसलात. मांडीवर बॅटरी असल्यानं पोट न हलवता हसलात.

त्यानंतरचे दिवस किती सुखाचे होते, ते सांगायची लाज वाटते. गाडी आपल्या दारासमोर, सपाट जमिनीवर उभी राहायला लागली. सकाळी तुम्ही सेल्फ मारलात की एका दमात सुरू. तो आवाज आला की मी चुलीपाशी बसल्या बसल्या मान हलवायची. आठवड्याला बुचं उघडून पाणी बघायचं, टर्मिनल पुसायचं, वायर घट्ट आहे की नाही ते पान्यानं तपासायचं, एवढंच काम. बरणी मात्र तुम्ही परत दिली नाहीत ती नाहीच.

मग सोमाजी आले. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. मी आतून पाहिलं, तुम्ही दोघं फाटकापाशी उभे, सोमाजी दुपटं हातात घेऊन, तुम्ही बोनटला टेकून. तुम्ही एकदा घराकडे वळून पाहिलंत. मला वाटलं, झालं. गेला शब्द. ज्यानं मी पडले तेव्हा धावत पाणी आणलं त्याच्या पोरीचं लग्न, आता हे नाही कसे म्हणतील?

सोमाजी गेले. बॅटरी जागेवरच होती. संध्याकाळी तुम्ही टर्मिनलला ग्रीस लावत होतात, मी दिवा धरला होता. तुम्ही म्हणालात, "तुले एक इचाराचं आहे."

"इचारा न."

तेवढ्यात स्टेशनची सवारी आली, हाका मारायला लागली. तुम्ही हात पुसत म्हणालात, "येऊन सांगतो." परत आलात ते थकून. जेवलात, झोपलात. सकाळी चहा प्यालात, कपबशी खाली ठेवलीत, भिंतीला टेकलात. मला वाटलं, आता विचाराल. मी जवळ येऊन बसलेही होते.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. लोक म्हणाले चांगलं मरण आलं, कुणाला त्रास नाही. मला त्रास झाला. अर्धं वाक्य टाकून कुणी जातं का? धक्का देऊन गाडी लागायच्या वेळी सोडून द्यावी तसं केलंत. त्यानंतर रोज मी त्याचाच विचार करत बसायची. काय विचारायचं होतं? सोमाजीला हो म्हटलंय, रागावू नको, असंच ना? "तू रागावली त नाही न वं?" हे तुमचं नेहमीचं विचारणं, सगळं करून झाल्यावरचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी तुमच्या शोकसभेसाठी विहारासमोर मांडव घातला. आपली लेक शांता सासरहून आली होती, ती आणि मी आत भाजी चिरत होतो. बाहेर बोनट उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. बाहेर आले तर विहाराच्या मंडळाचे नामदेव भाऊजी बॅटरीला पाना लावून उभे. भोंगेवाला बाजूला. आणि मडगार्डला टेकवून ठेवलेला आपला पाट. तो कुणी, केव्हा माझ्या स्वयंपाकघरातून नेला, मला कळलंच नव्हतं.

मी बोनटवर हात ठेवला.

"नामदेव भाऊजी, बॅटरी राहू द्या."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "जी?"

"राहू द्या म्हटलं."

"वहिनी, भाऊच्याच कार्यक्रमाची गोठ आहे न जी. दुसऱ्या कोणाचं असतं तं मी हात लावला असता का?"

लावला असता. नेहमी लावला. पण मी म्हटलं, "हौ. त्याइच्याच कार्यक्रमाची आहे."

"मंग?"

"मंग नाही."

तुळशीराम भाऊजी आले. "देऊन टाका न वहिनी, एका दुपारीनं काय होते? लोक काय म्हणतील, भाऊच्याच सभेले बॅटरी नाही देल्ली?" नामदेव भाऊजी म्हणाले, "भंतेजी नागपूरहून येऊन राह्यले. भोंगा नसला तं मागच्या माणसाले आयकू कसं येईल?"

"मागचा माणूस समोर बसंल," मी म्हटलं.

भोंगेवाला तोंडावर हात धरून हसायला लागला. "इतक्या वर्सांत वहिनीचा आवाज आज आयकला. तोबी भोंग्याबिगर." कुणी रागावलं, कुणी हसलं. नामदेव भाऊजींनी पाना माझ्या हातात दिला. मी बोनट लावलं, पाट उचलला आणि आत जाऊन पुन्हा विळीपुढे बसले. शांतानं काही न विचारता पाणी दिलं.

मला तुमच्या सभेचा मान कमी करायचा नव्हता. पण त्यांनी विचारलं नाही हो. गाडीचा मालक गेला, तर तिचं बोनट उघडण्याआधी दारात येऊन एक हाक मारायला काय झालं होतं? "वहिनी, नेऊ का?" एवढं म्हटलं असतं तर कदाचित मी पाट स्वतः आणून दिला असता.

सभा भोंग्याविना झाली. मागचे पुढे सरकले, बायका मांडीला मांडी लावून बसल्या. भंतेजींचा आवाज लहान, पण सगळे गप्प असल्यानं शेवटपर्यंत पोचला. मग एक एक जण बोलायला उठला. तुम्ही किती दिलदार होता ते सांगत होते. एकानं सांगितलं, "भाऊनं कोणाले कधी बॅटरी नाही म्हटलं नाही." आणि तो बोलता बोलता अडखळला, कारण मी अगदी समोर बसले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भोंगा असता तर मी कोपऱ्यात असते, तुमच्याबद्दलचं बोलणं लांबून ऐकू आलं असतं, आणि कुणाला एकमेकांचं तोंड दिसलं नसतं. जवळ बसलं की खोटं बोलणं जड जातं बहुतेक. त्यानंतर जो उठला त्यानं सांगितलं, भाऊ सवाऱ्यांशी भांडायचा, तंबाखू मागून खायचा, आणि धक्का देणाऱ्याला कधी चहा पाजायचा नाही. लोक हसले, मीही पदराआड हसले, आणि मग मला त्या दिवसाचं पहिलं रडू आलं.

"वहिनीनं दोन शब्द बोलावं," कुणीतरी म्हटलं. मी मान हलवली. नाही जमलं. ते दोन शब्द म्हणजे हे.

सभा उठल्यावर सोमाजी माझ्यापाशी आले. जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, मी बॅटरी मागाले नाही आलो. पोरीच्या लग्नात भोंगा नसला तं नसला. पर एक सांगतो. त्या दिवशी भाऊनं मले हौ नाही म्हटलं, नाहीबी नाही म्हटलं. म्हणे, सोमाजी, घरी इचारून सांगतो. मले हासूच आलं. म्हटलं, भाऊ, तुमी कधीपासून घरी इचारता जी? तं म्हणे, लामत्याले ते पडली तवापासून."

म्हणजे ते विचारायचं होतं. करून झाल्यावरचं नाही, आधीचं. आख्ख्या संसारात पहिल्यांदा तुम्ही आधी विचारणार होता, आणि स्टेशनच्या एका सवारीसाठी ते राहिलं. तुमचा राग मला आधी होता त्याच्या दुप्पट झाला. तुम्ही विचारलं असतं ना, तर मी हौच म्हटलं असतं. पोरीचं लग्न, आणि सोमाजींची पोर. मी हौच म्हटलं असतं. मला फक्त विचारलेलं ऐकायचं होतं.

सोमाजी जायला निघाले. मी म्हटलं, "लग्नाले गाडी येईल." ते थांबले. "तुळशीराम भाऊजी घेऊन येतील. बॅटरी गाडीतच राहील. भोंग्याची वायर बोनटातून काढा, आन् मधून मधून इंजिन चालू करत जा, म्हणजे ते उतरणार नाही."

तुळशीराम भाऊजी बाजूलाच होते. म्हणाले, "सवारी बुडंल न वहिनी त्या दिवशी."

"बुडू द्या."

सोमाजींनी डोळे पुसले आणि जरा भीतभीतच विचारलं, "आन् पाट?"

"पाट नवरदेवाले द्या," मी म्हटलं.

इतकं साधं होतं. वर्षानुवर्षं बॅटरी सायकलवर बांधून पाठवायच्या ऐवजी गाडीच न्यायची. हे तुम्हाला कधी सुचलं नाही का? की सुचलं होतं आणि त्या दिवशीची सवारी बुडेल म्हणून गप्प राहिलात? आणि माझे हात काय फुकटचे होते? बघा, पुन्हा भांडायला लागले. आता तुम्ही "आयक" म्हणून ताट सरकवत नाही, तर मला बोलायला धीर येतोय.

भंतेजींना स्टेशनवर सोडायचं होतं, सोमाजींना लामत्याच्या रस्त्यापर्यंत. सकाळी नामदेव भाऊजी गेल्यावर मी वायर जोडून पान्यानं घट्ट केली होती. पाणी बघितलं होतं. सगळे गाडीत बसले. तुळशीराम भाऊजी चावीकडे हात नेतात न नेतात तोच नामदेव भाऊजी, भोंगेवाला आणि आणखी दोघं मुकाट्यानं गाडीच्या मागे जाऊन वाकले. कुणी सांगितलं नव्हतं. तुमची गाडी निघायची म्हणजे मागे लागायचं, एवढंच त्यांना माहीत. मी पायरीवर उभी होते. मला माहीत होतं बॅटरी नवी आहे, भरलेली आहे. मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी माझा पदर कमरेला खोचला गेला आणि मी उतरून माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले, डाव्या मडगार्डजवळ, दोन्ही तळवे पत्र्यावर.

सेल्फ लागला. एका दमात. गाडी हातांखालून निघून गेली.

आम्ही पाच जण हात पुढे करून तसेच उभे राहिलो. भोंगेवाला आधी हसला. मग सगळे आपापले हात खाली घेऊन, झटकून, घरी गेले.

मी नाही गेले. आता सांगा, हे हात मी कुठे ठेवू?